भेट मैफलीत नको, तालमीच्या खोलीत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इतिहासातल्या कोणत्या गवयाला भेटायला आवडेल?’ या आपल्या पुरवणीतल्या प्रश्नावर आलेली वाचकांची उत्तरं वाचली. तानसेन, तानसेन, पुन्हा तानसेन, मध्येच अमीर खुस्रो आणि एकदोघांना बैजू बावरा. तानसेनांविषयी आदर आहेच. गेल्या हजार वर्षांत हिंदुस्थानात असा गवई झाला नाही, असं अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त लिहून गेलाय, त्यापुढं मी काय बोलणार? पण त्यांना विचारण्यासारखं मला काही सुचत नाही. आपल्यापर्यंत पोचलेले तानसेन बहुतांशी गोष्टींतले आहेत. समजा भेट झालीच, तर पहिलाच भेटणारा ‘एक दिवे पेटवणारा दीपक राग होऊन जाऊ द्या’ म्हणणार आणि त्या थोर माणसाचा वेळ दिवे लावण्यात जाणार.

शिवाय भेटायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार उत्तरं पाठवणाऱ्या फारशा कुणी केलेला दिसला नाही. सगळ्यांना समोर बसून गाणं ऐकायचंय. मी तंबोऱ्यावर साथीला बसणारी बाई. आमच्या जागेवरून गवयाचा चेहरा दिसत नाही. दिसते पाठ, मान आणि मांडीवर पडणारा हात. लांब तान घ्यायच्या आधी खांदा कसा उचलला जातो, श्वास कुठं चोरला जातो, वरच्या षड्जाला जाताना मानेची शीर कशी ताठ होते, हे पुढच्या रांगेतल्या कौतुकवाल्यांना कळत नाही, मागे बसलेल्यांना कळतं. त्यामुळं मैफलीचं मला फार अप्रूप नाही. मैफलीत गवई तयार माल मांडतो. माल तयार कसा झाला ते तालमीच्या खोलीत दिसतं. मला भेट त्या खोलीत हवी आहे, आणि तीही गुरू चिडलेला असताना मिळाली तर फारच उत्तम.

पहिलं नाव उस्ताद अल्लादिया खाँ. जन्म 1855, मृत्यू 1946. म्हणजे ग्रामोफोन आला, गाजला, घरोघरी पोचला, रेडिओ आला, बोलपट आला, हे सगळं त्यांच्या हयातीत झालं. तरीही त्यांच्या गाण्याची एक तबकडी आपल्याला मिळत नाही. ज्या गायकीवर आपण इतकं बोलतो ती ज्या गळ्यातून निघाली, तो गळा ऐकलेलं माणूस आता कुठून मिळणार? तरुणपणी अमलेट्याच्या दरबारात अति गाऊन त्यांचा आवाज गेला, ही हकीकत गाण्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता, जाड आणि जड होता. मग त्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीला बिलगून चालणारी तान त्यांनी घडवली आणि पुढं तिलाच जयपूर घराणं म्हणून लोक डोक्यावर घेऊ लागले. आपण हे एका वाक्यात सांगून मोकळे होतो. मला त्या वाक्याच्या मधले महिने बघायचे आहेत. शाहू महाराजांच्या कोल्हापुरातले, मानाचे उस्ताद झालेले खाँसाहेब नकोत. आवाज गेलेला, तिशीच्या आसपासचा, खोलीत एकटा बसून आपल्याच गळ्याशी भांडणारा माणूस हवा. रोज सकाळी पहिला षड्ज लावताना त्याला काय ऐकू येत असेल? आदल्या दिवशी लागलेला स्वर आज पुन्हा लागेना, तेव्हा तो काय करत असेल? विचारायचं एकच: जुना आवाज परत येणार नाही हे कधी मान्य केलंत? नवी तान सापडण्याआधी, की सापडल्यावर?

म्हातारपणी त्यांनी आपल्या आठवणी नातवाला, अझीझुद्दीन खाँसाहेबांना, सांगितल्या आणि नातवानं त्या लिहून घेतल्या, म्हणून निदान शब्द तरी राहिले. गळ्याचं काय? तो आडवळणानं राहिलाय. केसरबाई केरकरांना 1921 पासून त्यांची तालीम मिळाली, आणि केसरबाईंच्या तबकड्या आहेत. त्यांच्या दुसऱ्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर, त्यांचंही गाणं आहे. त्यातून खाँसाहेब ऐकायचे. खाँसाहेबांचा आवाज नाही, त्यांची तालीम मात्र तबकडीवर आहे. अंतराळयानातून गेलेल्या केसरबाईंच्या भैरवीबद्दल आपल्याकडं दर दोन महिन्यांनी कुणीतरी लिहितं. 5 सप्टेंबर 1977 ला व्हॉयेजर-1 सुटलं आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या, हेही त्यात असतं. असू द्या. परग्रहावर कुणी ती तबकडी लावलीच तर त्यांना साडेतीन मिनिटं भैरवी ऐकू येईल. तिच्यामागं वर्षानुवर्षं एकेक पलटा (स्वरांचा ठरावीक क्रम) घासून घेणारा म्हातारा उस्ताद होता, ते कोण सांगणार?

केसरबाईंना भेटायचं धाडस माझ्याकडं नाही, हे इथंच नोंदवते. त्यांच्यामागं तंबोरा धरायचा म्हणजे काय, या कल्पनेनंच माझी बोटं गार पडतात. मोगूबाईंना मात्र भेटेन, आणि तेही सांगलीच्या त्या खोलीत. पोरसवदा वय, आई गेलेली, नाटक कंपनीतून बाहेर पडलेली मुलगी रियाज करतेय. त्याच गावात वैद्य आबासाहेब सांबाऱ्यांकडं औषधोपचारासाठी आलेले अल्लादिया खाँ जाता-येता तो ऐकतात आणि एक दिवस आत येऊन बसतात. हे कोण आहेत ते तिला ठाऊकच नव्हतं, असं सांगतात. तालीम सुरू झाली, आणि नाव नंतर कळलं. पुढं खाँसाहेब मुंबईला गेले, त्यांच्यामागं ही गेली, पण शिकणं सरळ चाललं नाही. कधी आग्र्याच्या उस्तादांकडं, कधी खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडं, अशी वर्षं गेली आणि 1934 मध्ये गंडा बांधला गेला, म्हणजे त्या खाँसाहेबांच्या रीतसर शिष्या झाल्या. सांगलीतल्या त्या पहिल्या दिवसापासून तिथपर्यंत बारा-तेरा वर्षं! बाई, तुम्ही ह्या मधल्या वर्षांत गाणं सोडलं का नाही, हे मला विचारायचंय. मुंबईत, ओळखीपाळखी नसताना, आज या उस्तादाचा विरोध तर उद्या त्याचा, अशा दिवसांत घरी आल्यावर संध्याकाळी तंबोरा कोण काढत होतं?

दुसरे भास्करबुवा बखले. यांचीही ध्वनिमुद्रिका नाही. 1922 मध्ये बुवा गेले, वय अवघं बावन्न. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होते, आवाज फुटला आणि रंगभूमीवरचं काम संपलं. मग बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढं नत्थन खाँ, शेवटी अल्लादिया खाँ. म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशी तीन घराणी. आज एका घराण्याच्या विद्यार्थ्यानं दुसऱ्या घराण्यातल्या गुरूकडं चार दिवस जाऊन बघावं, म्हणजे काय होतं ते कळेल. बुवा तीन ठिकाणी शागिर्द म्हणून बसले, आणि तेही एकदा नाव झाल्यावर पुन्हा शागिर्दी पत्करून. 1911 मध्ये पुण्यात गायन समाज काढला तेव्हाही ते स्वतः शिकण्यातून मोकळे झाले होते असं मला वाटत नाही.

मला हवी आहे 1916 सालची तालीम. ‘स्वयंवर’ उभं राहतंय, खाडिलकरांची पदं आलीत, चाली बुवांच्या, आणि समोर बालगंधर्व. ‘नाथ हा माझा’ यमन, ‘मम आत्मा गमला’ बिहाग, ‘सुजन कसा मन चोरी’ भूप, ‘स्वकुलतारक सुता’ भीमपलास. चार पदं, चार मोठे राग, आणि प्रेक्षकांत निम्म्यांना रागाचं नावही माहीत नसणार. ‘सुजन कसा’च्या मुळाशी भूपाची ‘फुलवन की सेज’ ही चीज, म्हणजे रागातली बंदिश, आहे. ती मूळ चीज गाऊन बघा आणि मग पद गा. मुखड्याचं वळण ठेवलंय, मराठी अक्षरांसाठी जागा केलीय, पण राग कुठंही पातळ केलेला नाही. हे करताना बुवांनी काय काय टाकून दिलं असेल? एखादी हरकत, म्हणजे स्वरांचं छोटंसं वळण, बालगंधर्वांच्या गळ्यातून इतकी गोड येतेय की पद विसरून लोक तीच मागणार, हे बुवांना तालमीतच दिसलं असेल. तेव्हा ते ‘राहू दे’ म्हणाले की ‘काढ’ म्हणाले? बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकताना मी पदाकडं कमी आणि या न दिसणाऱ्या हाताकडं जास्त लक्ष देते. तबकडीच्या कागदावर त्यांचं नाव असो नसो, आतमध्ये मास्तर तेच आहेत.

आता तबकड्यांचाच विषय निघालाय तर आग्र्याच्या जोहराबाईंबद्दल लिहायलाच हवं, कारण आलेल्या उत्तरांमध्ये बाईमाणसाचं नाव औषधाला नाही. जोहराबाईंचं ध्वनिमुद्रण 1908 पासूनचं आणि 1913 मध्ये त्या गेल्या. आवाज असा खणखणीत की ऐकणारा दचकतो. बड्या बड्या उस्तादांनी त्यांच्या गायकीवरून घेतलंय. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, वरचा स्वर आला की मान मागं घ्यायची नाहीतर सुई उडायची, आणि जेमतेम तीन मिनिटं. शेवटी पुष्कळ जण आपलं नाव सांगत. गोहरजानचं 1902 मधलं ‘माय नेम इज गोहरजान’ हे इंग्रजी वाक्य तर सगळ्यांना पाठ आहे. ख्याल गाणाऱ्या बाईला तीन मिनिटं म्हणजे तंबोरा जुळवायलाही पुरत नाहीत. तरी त्यांच्या मुद्रणात घाई ऐकू येत नाही. स्थायी आहे, अंतरा आहे, बोलतान आहे, तान आहे. मला त्यांना मुद्रणाच्या आदल्या रात्री भेटायचंय. काय गाळायचं हे त्या कसं ठरवत होत्या? घड्याळ लावून गाऊन बघत होत्या, की सरळ कर्ण्यासमोर उभ्या राहून अंदाजानं? हल्लीच्या गवयांना दोन तासही कमी पडतात, म्हणून विचारते.

अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट निघाली की सगळे 1937 साली सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनच्या फलाटावर त्यांनी शेवटचा श्वास कसा घेतला तेच सांगतात. मला ते दृश्य नको. मला मिरजेत जाऊन त्यांच्यासमोर तंबोरा ठेवायचाय. हा माणूस वाद्यं स्वतः दुरुस्त करायचा, हत्यारं बाळगायचा. घोडीवर तारेखाली जो दोरा असतो तो केसभर पुढं-मागं सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलते किंवा बसते. आम्ही मैफलीआधी तेच करत बसतो आणि गवई ‘झालं का?’ म्हणून घाई करतो. खाँसाहेबांची बोटं तो दोरा कुठं थांबवतात, ते बघायचंय. मागून मणी सरकवताना ते डोळे मिटतात का, कान खाली नेतात का, तेही. स्वरांचं गणित मांडणाऱ्या देवल आणि क्लेमेंट्स यांच्याबरोबर त्यांनी श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरं, तपासायला गळा दिला होता. कागदावरचं गणित आणि खाँसाहेबांचा गांधार यांचं जमलं नाही तेव्हा कुणी माघार घेतली, हेही त्याच बैठकीत विचारून टाकीन.

आणखी एक बारकी शंका आहे, ती तांत्रिक आहे म्हणून कंटाळू नका. जुन्या तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांनीच भरलेल्या असत असं नाही. कमी-जास्त वेगानं भरलेल्या पुष्कळ आहेत. 74 फेऱ्यांना भरलेली तबकडी 78 ला वाजवली, की आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो. पेटीच्या काळी एक पट्टीचा गवई पांढरी दोनमध्ये जातो, आवाज बारीक होतो, तानही उगाच चपळ वाटते. मग आपण त्यावर ‘काय तो गळा, काय ती तयारी’ म्हणून लेख लिहितो. ज्यांची मुद्रणं आहेत अशा प्रत्येक जुन्या गवयाला म्हणूनच मी आधी पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’ कुठला, ते विचारीन. उत्तर मिळालं की कितीतरी कौतुकं दुरुस्त करावी लागतील.

ग्वाल्हेरची ती पडद्याची कथा आपल्याकडं मोठ्या चवीनं सांगतात. बडे महंमद खाँ तान कुणाला शिकवीनात, मग शिंदे सरकारांनी हद्दू-हस्सू खाँ या भावांना पडद्याआड बसवून ते गाणं ऐकवलं आणि पोरांनी ते उचललं. हद्दू-हस्सूंचं गाणं पुढं वासुदेवबुवा जोशी, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर असं महाराष्ट्रात आलं, तेव्हा आपण सगळे त्या पडद्याचे लाभार्थीच. पण कथेत ज्याच्या घरी चोरी झाली त्याला कुणी काही विचारत नाही. मला बडे महंमद खाँना भेटायचंय, तेही बरोबर त्या दिवशी, जेव्हा भर दरबारात त्यांनी आपलीच तान दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. राग आला असणार. पण पोरांनी ती बरोबर घेतली होती का, हे तपासायचा मोह त्यांना झाला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ. अफूच्या नादात भटकलेला हा भूगंधर्व सांभाळला कुणी, तर सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी. छत्रे स्वतः हद्दू खाँकडं शिकलेले, गुरुपुत्र म्हणून त्यांनी यांना जपलं. रहिमत खाँ 1922 मध्ये कुरुंदवाडला गेले. उतारवयातल्या थोड्या तबकड्या आहेत, त्या ऐका. त्यांना काही विचारायचं नाही. विष्णुपंतांना मात्र विचारायचंय. वाघ-सिंह आणि घोडे सांभाळणाऱ्या माणसानं हा गवई कसा सांभाळला? गायला बसवायचं कसं, आणि बसले की उठवायचं कसं?

सदारंगांचं राहिलं. मुहम्मदशाह रंगील्याच्या (1719–1748) दरबारातले नियामत खाँ, मूळचे बीनकार. ख्याल शिकणारं कुठलंही पोर पहिल्या वर्षातच बंदिशींतले ‘सदारंगीले’ आणि ‘मुहम्मदशा’ म्हणून जातं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांची पानं उलटा, जागोजागी हेच नाव. त्यांनी ख्याल बांधले, शागिर्दांना दिले, आणि स्वतः मात्र गायले नाहीत, असं सांगतात. म्हणजे ज्या गाण्यावर आज आमचं सगळ्यांचं पोट आहे, ते त्यांच्या लेखी तालमीच्या खोलीतच राहण्याच्या योग्यतेचं होतं की काय? आजची एखादी मोठी मैफल त्यांना दाखवावी आणि तोंडाकडं बघावं, असं फार वाटतं.

साथीदारांबद्दल लिहायला बसले तर आपली पुरवणी पुरणार नाही. गोव्याचे खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत. कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला, दोन्ही गंधर्व मंडळीत होते. तबकडीच्या गोल कागदावर त्या काळी अशांची नावं क्वचितच छापली जात, आणि तंबोऱ्यावर कोण होतं याचा तर कुठंच पत्ता नाही. त्या तंबोरेवाल्यांपैकी कुणीतरी एक भेटला तर मला त्याच्याकडून सगळ्यांची खबर मिळेल. उस्ताद काय बोलले, कुणाला हाकललं, तालीम अर्धवट टाकून कोण उठलं.

आपल्याला एकच विनंती. हा प्रश्न पुन्हा विचाराल तेव्हा त्याला ‘आणि भेटल्यावर काय विचाराल?’ एवढं शेपूट जोडा. निम्मे तानसेन आपोआप गळतील. आणि ज्यांच्या घरी आजोबा-आजींच्या तालमीच्या वह्या पडून आहेत, त्यात चिजेच्या शेजारी तारीख, गुरूचं म्हणणं, ‘आज हे पुन्हा चुकलं’ असे शेरे आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी आपल्याकडं कळवावं, असं दोन ओळीत छापावं. अशा वहीचं एखादं पान दर आठवड्याला पुरवणीत दिलंत, तर मी ते कात्रण नक्की ठेवीन.

आपली,
तंबोऱ्यावर बसणारी एक वाचक